सफरचंदाचं पान ग्लुकोज का पाठवत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पान उन्हात ग्लुकोज तयार करतं, असं शाळेपासून शिकत आलो. आता वाचनात येतं की सफरचंदाच्या पानात सॉर्बिटॉल बनतं आणि अव्होकॅडोच्या पानात सात कार्बनची कुठलीशी साखर. ही प्रकाशसंश्लेषणातच बनते का? कशी बनते? आणि झाडाला तिचा काही उपयोग असतो, की नुसती गंमत?"

फळझाडांच्या पानांतल्या आणि रसातल्या साखरा मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी त्या ग्लुकोजचा हिशेब मिटवू. सहा रेणू कार्बन डायऑक्साइड, सहा रेणू पाणी, त्यातून एक ग्लुकोज आणि सहा ऑक्सिजन, हे समीकरण जमाखर्च म्हणून बरोबर आहे. पानात प्रत्यक्ष काय घडतं ते मात्र त्यातून कळत नाही. पहिला पक्का पदार्थ तीनच कार्बनांचा असतो. बर्कली इथे मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे शोधून काढलं. त्यांनी चपट्या काचपात्रात हिरवं शेवाळ ठेवलं, त्याला किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला वायू दिला, आणि काही सेकंदांत ते शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये सोडून तिथल्या तिथे मारलं. नंतर कागदी क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ कागदावर वेगवेगळ्या ठिपक्यांत पसरवणाऱ्या पद्धतीने, पाहिलं की किरणोत्सारी कार्बन कुठल्या पदार्थात शिरला आहे. वेळ जितका कमी ठेवावा तितका तो एकाच ठिपक्यात सापडे, आणि तो ठिपका फॉस्फोग्लिसरिक आम्लाचा, म्हणजे तीन कार्बनांचा होता. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्विनना मिळालं. बेन्सन बाहेर राहिले, याची हळहळ आमच्या क्षेत्रात अजून ऐकू येते.

या चक्रातून जी जमा होते, ती तीन कार्बनची फॉस्फेट जोडलेली साखर, म्हणजे ट्रायोज फॉस्फेट. तिचा काही भाग हरितलवकातच स्टार्च म्हणून रात्रीसाठी साठतो. उरलेली बाहेर पेशीद्रवात येते आणि तिच्या बदल्यात एक मोकळं फॉस्फेट आत जातं. पेशीद्रवात दोन ट्रायोज जोडले जाऊन सहा कार्बनांचं फ्रुक्टोज फॉस्फेट होतं आणि त्याचंच पुढे ग्लुकोज-६-फॉस्फेट. इथपर्यंत गहू, टोमॅटो, सफरचंद या सगळ्यांची वाट एकच आहे.

फाटा इथे फुटतो. बहुतेक वनस्पती या साठ्यातून सुक्रोज बनवतात, म्हणजे आपली नेहमीची साखर. ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक तुकडा अशा रीतीने जोडलेले असतात की दोघांची क्रियाशील टोकं एकमेकांत अडकून बंद होतात. हे बंद होणं महत्त्वाचं आहे. मोकळ्या ग्लुकोजच्या टोकाला अल्डिहाइड गट असतो आणि तो वाटेत भेटेल त्या प्रथिनाला चिकटू पाहतो. पानापासून मुळाच्या टोकापर्यंत किंवा फळापर्यंत जायला साखरेला तास, कधी कधी दिवसही लागतात. इतक्या लांबच्या वाटेवर अशी चिकट वृत्तीची साखर पाठवणं म्हणजे नासणारी शिदोरी बांधून देणं. म्हणूनच वनस्पती रसवाहिन्यांतून ग्लुकोज पाठवायचं टाळतात.

सफरचंद सुक्रोज बनवतंच, पण त्याने दुसरीही युक्ती शोधली आहे. ग्लुकोज-६-फॉस्फेटच्या अल्डिहाइड टोकाला दोन हायड्रोजन देऊन ते टोकच निकामी करायचं. हे काम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव अल्डोज-६-फॉस्फेट रिडक्टेज. जुन्या लिखाणात तुम्हाला त्याचंच सॉर्बिटॉल-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज हे नाव सापडेल, दोन वेगळी विकरं समजून गोंधळू नका. हायड्रोजन येतात एनएडीपीएच या वाहकाकडून. मग दुसरं विकर फॉस्फेट तोडून टाकतं आणि सॉर्बिटॉल मोकळं होतं. फॉस्फेट तुटलं की परतीची वाट बंद, त्यामुळे ही गाडी एकाच दिशेने धावते. कारखान्यात हेच सॉर्बिटॉल बनवायला ग्लुकोजवर निकेल उत्प्रेरकासोबत मोठ्या दाबाखाली हायड्रोजन सोडावा लागतो. पान ते सावलीत उभ्या असलेल्या माणसालाही न कळता करून मोकळं होतं.

रसायनशास्त्रात अशा पदार्थाला साखर-अल्कोहोल म्हणतात. दारूशी त्याचा संबंध नाही. सॉर्बिटॉलला चव गोड असते, सुक्रोजच्या साधारण साठ टक्के. काटेकोर बोलायचं तर ती साखर नाही, पण झाड तिला साखर म्हणूनच वागवतं, म्हणून मीही इथे तसंच म्हणेन.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. सॉर्बिटॉल हे सुक्रोजइतकंच थेट प्रकाशसंश्लेषणाचं उत्पादन आहे. नंतर कधीतरी होणाऱ्या एखाद्या दुय्यम क्रियेचं ते नव्हे. आणि प्रमाणही चिमूटभर नसतं: सफरचंदाच्या पानातून बाहेर पडणाऱ्या कार्बनापैकी साधारण ६० ते ८० टक्के सॉर्बिटॉलच्या रूपात जातो. जी ओळखीची फळझाडं हे करतात ती गुलाबकुलातली आहेत: सफरचंद, नासपती, क्विन्स, लोकाट, पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी, बदाम. गंमत अशी की ज्याच्या नावाने कुळ ओळखलं जातं तो गुलाब आणि त्याच्या जवळच्या स्ट्रॉबेरी, रास्पबेरी हे मात्र करत नाहीत, त्यांचा सगळा व्यवहार सुक्रोजवर चालतो. सॉर्बिटॉल हे नावही याच कुळातून आलं. बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये ते रोवन नावाच्या झाडाच्या लाल फळांतून वेगळं केलं आणि त्या झाडाच्या सॉर्बस या लॅटिन नावावरून ते ओळखलं जाऊ लागलं.

पानाच्या वयाचा मुद्दा इथेच सांगतो, कारण नमुने घेणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथे होते. फुटव्याच्या टोकाचं कोवळं पान सॉर्बिटॉल बनवत नाही, उलट खातं. त्यात सॉर्बिटॉल बनवणारं विकर जेमतेम असतं आणि सॉर्बिटॉल मोडणारं भरपूर. पान पसरत जातं तसं हे पारडं फिरतं. पूर्ण वाढलेलं पान देणारं होतं. एकाच फांदीवर दोन बोटांच्या अंतरावर घेणारं आणि देणारं अशी दोन पानं असतात. त्यांची सरासरी काढली तर मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता 'उपयोग काय' हा प्रश्न. इथे पुस्तकं पाच-सहा फायद्यांची यादी देतात आणि प्रत्येक फायदा सारखाच पक्का असल्यासारखं लिहितात. माझ्या मते ते सगळे सारखे पक्के नाहीत.

वाटेत न बिघडणं हा फायदा खरा आहे, पण सुक्रोजही तेच करतं. तेवढ्यासाठी वेगळी साखर लागली नसती. ऊर्जा वाचते असंही म्हणतात. सॉर्बिटॉल बनवताना जे एनएडीपीएच खर्च होतं, त्याची काही भरपाई फळात होते, कारण तिथे सॉर्बिटॉलमधले हायड्रोजन काढून घेताना एनएडीएच हा तसाच हायड्रोजनवाहक मिळतो. म्हणजे साखरेबरोबर थोडी क्षपणशक्तीही, म्हणजे हायड्रोजन पुरवण्याची ताकदही, पार्सल होते. तर्क सुंदर आहे, पण झाडाच्या एकूण हिशेबात त्याचं वजन किती, याबद्दल मी मोठा दावा करणार नाही.

परासरणाचा, म्हणजे विरघळलेल्या रेणूंनी पाणी ओढून घेण्याचा मुद्दा मला जास्त भावतो. सुक्रोजच्या एका रेणूत बारा कार्बन असतात, सॉर्बिटॉलच्या रेणूत सहा. तेवढाच कार्बन सॉर्बिटॉलच्या रूपात ठेवला तर रेणू दुप्पट होतात, आणि पाणी ओढण्याची ताकद रेणूंच्या संख्येवर ठरते. सफरचंदाच्या पानात साखर रसवाहिनीत चढते कशी, याचा अभ्यास २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टर्जन यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यांनी साखर-अल्कोहोल वाहून नेणाऱ्या तीन वनस्पती तपासल्या. त्यातली सेलरी आणि इसबगोलाच्या जातकुळीतली प्लँटॅगो पंप लावून, ऊर्जा खर्चून साखर भरतात. सफरचंद मात्र पानाच्या पेशींतच साखरेची तीव्रता इतकी वाढवून ठेवतं की ती पेशींमधल्या बारीक वाटांनी आपोआप रसवाहिनीकडे ओघळते. पंपाची गरज नाही, पण त्यासाठी पान कायम साखरेने गच्च ठेवावं लागतं. ज्यांनी सफरचंदाची पानं चिरडून रस काढला आहे त्यांना हा गच्चपणा माहीत असेल. सफरचंदासारखी इतर अनेक झाडंही असंच करतात असं पुढे दिसलं, पण सॉर्बिटॉलने ते सोपं होतं हे पटण्यासारखं आहे.

पाण्याचा ताण पडला की सफरचंद आणि चेरीच्या पानांत सॉर्बिटॉल आणखी वाढतं, त्यामुळे पेशी पाणी धरून ठेवू शकतात. सॉर्बिटॉल कितीही साठलं तरी प्रथिनांना इजा करत नाही, हा त्याचा गुण इथे कामी येतो. थंडीतही सॉर्बिटॉल जलवाहिन्यांतल्या रसात सापडतं, म्हणजे पानं नसतानाही त्याची हालचाल चालू असते.

पण सॉर्बिटॉलचा सर्वांत भक्कम सिद्ध झालेला परिणाम कुणाच्याच यादीत पहिल्या क्रमांकावर नसतो, तो म्हणजे बोरॉन.

बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे. बहुतेक वनस्पतींत ते मुळांतून पाण्याबरोबर पानात येतं आणि तिथेच अडकतं. पाणी उडून जातं, बोरॉन मागे राहतं, त्यामुळे ते जुन्या पानांच्या कडांना साचत जातं. पानातून फळाकडे किंवा नव्या कळीकडे ते परत निघत नाही. पाठ्यपुस्तकं कित्येक वर्षं सांगत आली की बोरॉन रसवाहिनीतून फिरत नाही, आणि अक्रोड, पिस्ता, अंजीर यांच्या बाबतीत ते खरं आहे. पण बोरिक आम्लाला एकमेकांशेजारचे हायड्रॉक्सिल गट दिसले की ते त्यांना धरून बसतं, आणि सॉर्बिटॉल म्हणजे अशा गटांची माळच. १९९६ मध्ये पॅट्रिक ब्राउन आणि हेनिंग हू यांनी दाखवलं की बदाम, सफरचंद, नेक्टरीन अशा सॉर्बिटॉलवाल्या झाडांत बोरॉन पानातून बाहेर निघतं आणि रसवाहिनीतून हिंडतं. पुढच्याच वर्षी पीचच्या पानांवरच्या मधुग्रंथींच्या रसातून सॉर्बिटॉल आणि बोरॉनची जोडी प्रत्यक्ष वेगळी करून ओळखली गेली. मग कुणाला तरी उलटा प्रयोग सुचला आणि तो मला आजही सर्वांत आवडतो: सफरचंदाचं सॉर्बिटॉल बनवणारं जनुक तंबाखूत घातलं. तंबाखू एरवी सॉर्बिटॉल बनवत नाही आणि त्यात बोरॉन फिरत नाही. जनुक घातल्यावर तंबाखू सॉर्बिटॉल बनवू लागली, आणि बोरॉनही जुन्या पानांतून नव्या शेंड्याकडे जाऊ लागलं. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कारण आणि परिणाम यांची इतकी स्वच्छ साखळी वनस्पतीशास्त्रात क्वचित हाती लागते.

याचा बागेतला अर्थ मोठा आहे. बदामाला किंवा सफरचंदाला बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतीलच असं नाही. विषबाधा कोवळ्या भागात दिसते, म्हणजे शेंडे मरतात, फांदीवर डिंक येतो. शेजारच्या अक्रोडाच्या पानांची कड करपलेली असते, बदामाची पानं हिरवीगार असतात, आणि पाहणारा म्हणतो बदामाला काही झालेलं नाही. पानांच्या तपासणीच्या आकड्यांचंही तसंच. अक्रोडात जुन्या पानातला बोरॉन जमिनीतल्या बोरॉनची बरी कल्पना देतो. सॉर्बिटॉलवाल्या झाडात मात्र तो पानातून निघून फळात, कळीत, सालीत गेलेला असतो, त्यामुळे पानाचा आकडा फसवा ठरू शकतो. उलट बाजूने फायदाही आहे: फळं काढून झाल्यावर, पानं अजून हिरवी असताना केलेली बोरॉनची फवारणी या झाडांत पुढच्या वर्षीच्या फुलकळ्यांपर्यंत पोहोचते. अक्रोडावर तीच फवारणी केली तर बोरॉन गळणाऱ्या पानांबरोबर जमिनीवर येतं.

आता फळाकडे. सॉर्बिटॉल फळात पोहोचलं की सॉर्बिटॉल डीहायड्रोजिनेज हे विकर त्याचं फ्रुक्टोज करतं. लक्षात घ्या, सुक्रोज मोडलं की एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज मिळतं, सॉर्बिटॉल मोडलं की फक्त फ्रुक्टोज. पिकलेल्या सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त का असतं, त्याचा मोठा भाग या साध्या हिशेबात आहे. फ्रुक्टोज सर्वांत गोड साखरांपैकी एक, त्यामुळे सफरचंदाच्या गोडीचं श्रेय अखेर पानात सॉर्बिटॉल बनवणाऱ्या त्या एका विकराकडे जातं.

हा नुसता कागदावरचा हिशेब राहू नये म्हणून प्रयोगही झाले. ग्रीनस्लीव्ह्ज या जातीच्या सफरचंदात पानातलं ते सॉर्बिटॉल बनवणारं विकर घडवणारं जनुक दाबून टाकलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा झाडांच्या पानांत सॉर्बिटॉल आणि सुक्रोजचं गुणोत्तर सुमारे ९० टक्क्यांनी खाली आलं, रसवाहिनीच्या रसात सुमारे ७५ टक्क्यांनी. आणि फळात? ग्लुकोज वाढलं, फ्रुक्टोज घटलं. अगदी अपेक्षेप्रमाणे. झाड मात्र मेलं नाही. सॉर्बिटॉलची वाट बंद झाली तसं त्याने पानात सुक्रोज आणि स्टार्च वाढवलं. यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावतं का, यावर दोन गटांचे निकाल जुळत नाहीत: २००५ च्या एका अभ्यासात फरक दिसला नाही, २००६ च्या या कामात सकाळी आणि दुपारी ते कमी झालेलं दिसलं. माझ्या अनुभवात असे फरक झाडावर फळांचा भार किती आहे यावरही पडतात, कारण घेणारं कुणी नसलं की पान आपोआप सुस्तावतं.

एक सावधगिरी: रसवाहिनीत जी साखर असते तीच फळात असते, असं समजू नका. पीचच्या रसवाहिनीत सॉर्बिटॉल भरपूर असतं, पण पिकलेल्या पीचमध्ये मुख्य साखर सुक्रोज असते. फळ आलेला माल मोडून स्वतःला हवं ते नव्याने बांधतं. नासपतीत आणि आलुबुखारात मात्र बरंच सॉर्बिटॉल न मोडताच राहतं. वाळवलेल्या आलुबुखारात शंभर ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम सॉर्बिटॉल असतं. आपल्या आतड्यात ते सावकाश आणि अर्धवटच शोषलं जातं, म्हणून या फळाची पोट साफ करण्याबद्दल ख्याती, आणि म्हणूनच काहींना नासपती खाल्ल्यावर पोट फुगतं. नासपतीच्या आंबवलेल्या पेयात थोडी गोडी उरते तीही यामुळेच, कारण यीस्टला सॉर्बिटॉल पचत नाही.

फळातलं मोडण्याचं काम मागे पडलं तर काय होतं, ते डोळ्यांनी पाहता येतं. काही सफरचंदं कापली की गाभ्याभोवती काचेसारखे पारदर्शक डाग दिसतात. याला वॉटरकोर म्हणतात. पेशींमध्ये एरवी हवेने भरलेल्या ज्या फटी असतात, त्यांत सॉर्बिटॉलने भरलेला द्रव साचतो आणि प्रकाश आरपार जाऊ लागतो. पान पाठवत राहिलं, फळाच्या पेशी आत ओढून घेईनात, असा हा तुंबारा. हलका असेल तर साठवणीत जिरून जातो, जास्त असेल तर आतून तपकिरी होऊन फळ वाया जातं. जपानमध्ये फुजी जातीच्या अशाच फळाला मधाळ म्हणून जास्त मान आहे. एका बाजारात दोष, दुसऱ्यात गुण, आणि दोन्हीमागे तोच एक रेणू.

एवढं गोड भांडार भरलं म्हटल्यावर त्यावर टपलेलेही असणारच. सफरचंद आणि नासपतीचा अग्निकरपा घडवणारा एर्विनिया अमायलोव्होरा हा जिवाणू सॉर्बिटॉल खाऊ शकतो. १९९७ मध्ये दिसून आलं की सॉर्बिटॉल पचवण्याची जनुकं बंद केली तर तो सफरचंदाच्या कोंबात नीट रोग करू शकत नाही. फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथची मादीही पानाच्या पृष्ठभागावरचं सॉर्बिटॉल आणि इतर साखरा चाखून अंडी कुठे घालायची ते ठरवते. पण नाणं दुसऱ्या बाजूनेही पडतं: पानातलं सॉर्बिटॉल कमी केलेली सफरचंदाची झाडं अल्टरनेरिया बुरशीला जास्त बळी पडली, कारण सॉर्बिटॉल हा त्या झाडात प्रतिकाराचं एक जनुक चालू ठेवणारा इशाराही आहे, असं २०१८ मध्ये दाखवलं गेलं. अन्न आणि निरोप, दोन्ही एकाच रेणूत.

इतर झाडांबद्दल थोडक्यात. ऑलिव्हच्या पानात मॅनिटॉल बनतं. तेही सहा कार्बनांचं साखर-अल्कोहोल आहे, सॉर्बिटॉलचं सख्खं भावंड, फक्त एका कार्बनावरचा हायड्रॉक्सिल गट उलट्या बाजूला. ते मॅनोज-६-फॉस्फेटपासून बनतं. कोवळ्या किवी फळात मायो-इनोसिटॉल भरपूर असतं. द्राक्षाचं पान मात्र सरळमार्गी, सुक्रोजवालं. एक उपयोग यातून निघतो: द्राक्षाच्या रसात सॉर्बिटॉल लक्षणीय निघालं तर त्यात सफरचंदाचा किंवा नासपतीचा रस मिसळला असल्याचा संशय घेतात.

आता तुमच्या प्रश्नातला अव्होकॅडो, जो मला स्वतःला सॉर्बिटॉलपेक्षाही विचित्र वाटतो. इथे साखरेत सहा नाही, सात कार्बन असतात. दोन पदार्थ आहेत: मॅनोहेप्ट्युलोज ही खरी साखर, आणि परसिटॉल हे तिचं साखर-अल्कोहोल रूप. दोघांत नातं तेच, जे फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलमध्ये: दोन हायड्रोजनांचा फरक. परसिटॉल हे नाव अव्होकॅडोच्या पर्सिया या प्रजातीनावावरून पडलं.

सात कार्बनांची साखर ऐकून दचकायला होतं, पण ती हिरव्या पानाला नवखी नाही. कॅल्विन चक्रात सेडोहेप्ट्युलोज नावाची सात कार्बनांची साखर फॉस्फेट जोडलेल्या रूपात प्रत्येक पानात, दर क्षणी बनते आणि लगेच पुढच्या टप्प्यात मोडते. ती चक्रातली एक पायरी आहे, तिथे कुणी थांबत नाही. सेडम नावाच्या मांसल पानांच्या वनस्पतीत मात्र ती मोकळी होऊन साठते, आणि तिचं नाव तिथूनच आलं. मॅनोहेप्ट्युलोज आणि सेडोहेप्ट्युलोज यांच्या रचनेत फक्त एका कार्बनाचा फरक आहे, चौथ्या कार्बनावरचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या बाजूला वळलेला. म्हणजे अव्होकॅडोने कच्चा माल बाहेरून आणलेला नाही. जी पायरी बाकीची झाडं घाईने ओलांडतात, तिथेच त्याने बिऱ्हाड थाटलं.

आणि ते किरकोळ नाही. अव्होकॅडोच्या पानात, सालीत, मुळांत, रसवाहिनीच्या रसात या सात कार्बनवाल्यांचा वाटा सुक्रोजच्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा असतो. अव्होकॅडो झाडावर असेपर्यंत पिकत नाही, तोडल्यावरच मऊ पडतो, हे सर्वांना माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये असा विचार मांडला की झाडाकडून येणारा मॅनोहेप्ट्युलोजचा पुरवठाच पिकणं रोखून धरतो. फळ तोडलं, पुरवठा थांबला, साठा एका पातळीखाली गेला, की पिकणं सुरू होतं. याला आधार देणारी एक गोष्ट प्राणीशास्त्रातून येते: मॅनोहेप्ट्युलोज हे ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला अडवतं, आणि म्हणून इन्सुलिनचं स्रवणं थांबवायला ते प्रयोगशाळांत कित्येक वर्षं वापरलं जातं. जो रेणू साखरेची पहिलीच पायरी अडवू शकतो, तो फळाची घाई रोखत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण मी याला अजून विचारच म्हणतो, सिद्धांत नाही.

शेवटी मोजण्याबद्दल, कारण या साखरा इतकी वर्षं दुर्लक्षित राहिल्या त्यात मोजमापाचा मोठा हात आहे. मी नवखा असताना सफरचंदाच्या पानांतली एकूण साखर अँथ्रोन पद्धतीने, म्हणजे साखरेला रंग आणून तो मोजण्याच्या पद्धतीने, काढली होती. आकडा इतका कमी आला की मी पुन्हा पुन्हा अर्क काढला, उकळण्याची वेळ वाढवली, मग अभिकर्मक शिळा झाला म्हणून दुसरा केला. पानाचं कोरडं वजन सांगत होतं की विरघळणारं काहीतरी भरपूर आहे, आणि नळीतला हिरवट निळा रंग सांगत होता की नाही. महिना गेल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वही पाहून एवढंच विचारलं, "अरे, अँथ्रोनला सॉर्बिटॉल दिसतं का?" दिसत नाही. फेनॉल-सल्फ्युरिक या दुसऱ्या रंगचाचणीलाही दिसत नाही. बेनेडिक्ट आणि फेलिंग या चाचण्या तर मोकळं अल्डिहाइड किंवा कीटोन टोक शोधतात, ते इथे नसतंच. पानातला अर्ध्याहून जास्त माल माझ्या डोळ्यांदेखत नळीत होता आणि माझी चाचणी त्याला आंधळी होती.

ब्रिक्समापक मात्र सॉर्बिटॉल पकडतो, कारण तो प्रकाश किती वाकतो ते पाहतो, रासायनिक टोक पाहत नाही. पण तो आम्लं आणि इतर विरघळलेले पदार्थही त्यातच मोजतो, त्यामुळे कोणती साखर किती ते त्यावरून कळत नाही. खरं उत्तर हवं असेल तर एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) किंवा गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, आणि सॉर्बिटॉल, मॅनिटॉल यांचे शुद्ध, ओळखीचे नमुने तुलनेसाठी शेजारी चालवावे लागतात, कारण यंत्रातल्या पदार्थ वेगळे करणाऱ्या काही स्तंभांवर हे दोघे एकमेकांत मिसळून आलेखावर एकच शिखर देतात.

नमुना घेताना पूर्ण वाढलेलं, उन्हातलं पान निवडा. तोडल्याबरोबर द्रवनायट्रोजनमध्ये किंवा निदान कोरड्या बर्फात टाका, नाहीतर विकरं पिशवीतही काम करत राहतात. सॉर्बिटॉल दिवसभर वाढत जातं आणि रात्री पान ते फळांकडे, मुळांकडे पाठवून रिकामं होतं, त्यासाठी साठवलेलं स्टार्चही मोडतं. त्यामुळे सकाळी सातला तोडलेलं आणि संध्याकाळी पाचला तोडलेलं पान दोन वेगळ्या झाडांची वाटू शकतात. वहीत पहिल्या रकान्यात वेळ लिहा.